लेसच्या मापाचा दस्ता

तौनो रन्तालाच्या अंगाला ती बंदूक सव्वा इंच लांब होती.

सव्वा इंचानं काय बिघडतं, असं ज्यांनी उडता तितर कधी मारला नाही ते विचारतील. तितर उठला की माणसाच्या हातात दीड सेकंद असतो. तेवढ्यात बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता खांद्याला लागला पाहिजे, गाल त्यावर टेकला पाहिजे आणि डोळा आपसूक नळ्यांच्या रेषेत आला पाहिजे. विचार करायला वेळ नसतो. दस्ता लांब असला की तो वर येताना काखेपाशी कोटात अडकतो. तो सोडवेपर्यंत तितर अ‍ॅस्पेनच्या पलीकडे गेलेला असतो, आणि माणूस झाडावर बार काढतो.

बंदूक लेस ट्रेव्हॅरोची होती. सोळा बोअरची बेल्जियन दुनळी, नळ्या शेजारी-शेजारी, चाप दोन. वजन पावणेतीन किलो. दिवसभर खांद्यावर टाकून चाललं तरी संध्याकाळी ती आहे तेवढीच जड लागायची, आणि त्याहून जाड नळीच्या बारा बोअरच्या बंदुकीबद्दल असं कुणी म्हणू शकत नाही. लेसला दोन चापांचं फार कौतुक होतं. पुढचा चाप उजव्या नळीचा, तिचे छरे पसरट जातात, जवळच्या पक्ष्यासाठी. मागचा डाव्या नळीचा, लांबच्यासाठी. "निवड माझ्या बोटात आहे," तो म्हणायचा. "तुझ्या पंप बंदुकीत काय आहे? नुसती घाई." बंदूक मिटताना बारीक 'टक्' असा आवाज व्हायचा, चांगल्या डब्याचं झाकण बसल्यासारखा. तो ऐकायला लेस ती कधीकधी उगाच उघडायचा आणि मिटायचा.

मूळ दस्ता १९६३ मध्ये मुठीपाशी फुटला. नवा तौनोनं केला. तो तेव्हा फाउंड्रीत लाकडी पॅटर्न करायचा. वितळलेलं लोखंड ज्या पोकळीत ओतायचं ती वाळूत उठवण्यासाठी आधी लाकडाचा हुबेहूब भाग करावा लागतो, तो भाग तौनो करायचा. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून प्रत्येक माप तेवढंच वाढवून घ्यायचं. चूक झाली तर ती पाचशे भागांत जाते. अशा माणसाच्या हातून ढोबळ काम होत नाही. लेस सव्वासहा फूट उंच आणि डावखुरा. तौनोनं दस्ता त्या लांब हाताला पुरेल इतका केला आणि डावीकडे कणभर झुकवला. लेसच्या गालाखाली तो असा बसला की पहिल्याच शरदात त्यानं ओळीनं सात पक्षी पाडले, आठवा सोडून दिला आणि म्हणाला, "आता लोक मला चोर म्हणतील."

एकतीस वर्षं दोघं हापा कॉर्नर या आपल्या गावामागच्या तोडलेल्या रानात, जुन्या रेल्वेच्या बांधावरून हिंडले. कुत्रं नव्हतं. कुत्र्याचं काम एकजण करायचा. एक बांधावर मोकळ्यात, दुसरा खाली आल्डरच्या झुडपांच्या दाटीत. तितराला एक खोड आहे, तो उठताना आपल्या आणि माणसाच्या मध्ये झाड ठेवतो. माणसं दोन असली तर त्याला झाड एकाच बाजूला मिळतं. दर पन्नास पावलांवर दोघं "होऽ" म्हणायचे, म्हणजे कोण कुठे ते कळतं आणि कुणी कुणाच्या दिशेनं बार काढत नाही. दिवसभरात दोघांत होणारं बोलणं बहुतेक तेवढंच.

लेस मार्चमध्ये गेला. छपरावरचा बर्फ ओढताना शिडीच्या पायथ्याशी बसला तो बसलाच. तौनो तेव्हा अडुसष्टचा होता. लग्न केलेलं नव्हतं. फाउंड्री सहा वर्षांपूर्वी बंद झाली होती.

एप्रिलात लेसची बायको आर्डिथ बंदूक घेऊन आली. ती आणि तौनो एकाच शाळेत शिकलेले. तिनं बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, शेजारी कागदात गुंडाळलेल्या दोन पेस्ट्या ठेवल्या, मोठ्या करंजीसारख्या, मटण-बटाटा भरलेल्या, लेसला आवडायच्या तशा मिरी जास्त घातलेल्या.

"लेसनं सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तू चालतोयस तोवर तुझी. पाय थांबले की घरी आणून दे."

"घरी कुणाला?"

"मार्लिस आहे की."

मार्लिस म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, वय चव्वेचाळीस, डलूथच्या इस्पितळात परिचारिका. अठराव्या वर्षी गेली ती नाताळापुरती यायची. बापलेकीत भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं.

"मार्लिसला बंदुकीचं काय?"

"ते मला काय विचारतोस? मी निरोप दिला." आर्डिथनं टेबलावरचा चुरा तळहातानं गोळा केला. "पेस्टी गरम करून खा. थंड खातोस, माहितेय मला."

ती गेल्यावर तौनोनं दस्ता खिडकीपाशी नेऊन पाहिला. उजव्या अंगाला, वरच्या कडेखाली, लेसचा गाल टेकायचा तिथे सत्तावीस वर्षांत त्वचेचं तेल खोल मुरून काळसर, गुळगुळीत डाग पडला होता. अंगठ्याएवढा नव्हे, चांगला तळहाताएवढा. दाढीच्या खुंटांनी बारीक चरे पडले होते. तौनोनं तिथे बोट लावलं नाही.

स्वतःची पंप बंदूक त्यानं आदल्या वर्षीच पुतण्याला देऊन टाकली होती. पंपाला प्रत्येक बारानंतर डाव्या हातानं पुढची मूठ मागे-पुढे ओढावी लागते, आणि त्याचा डावा खांदा आता कपाट उघडतानाही कुरकुरायचा. म्हणजे लेसच्या दुनळीवाचून गत्यंतर नव्हतं. आणि असतं तरी त्यानं दुसरी घेतली नसती.

सप्टेंबरच्या मध्याला हंगाम सुरू झाला. तौनो एकटा बांधावर चढला. पन्नास पावलांवर तोंडातून "होऽ" निघून गेलं. खाली आल्डरमध्ये कुणी नव्हतं. पुढच्या पन्नासांना तो गप्प राहिला, त्याच्या पुढच्यांना पुन्हा म्हणाला. मग रोजच म्हणायला लागला. सवय मोडायची तर त्यालाही कष्ट पडतात, आणि ते कष्ट घ्यावेत असं त्याला वाटलं नाही.

पक्षी होते. लागत नव्हते. जे काही छरे वेळेवर सुटत ते सगळे डावीकडे जात. डावखुऱ्यासाठी झुकवलेला दस्ता उजव्यानं गालाला लावला की डोळा नळ्यांच्या डावीकडे पडतो आणि बार तिकडेच जातो. तौनोला हे पक्कं ठाऊक होतं. ते झुकणं त्यानंच तर केलं होतं.

शनिवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानात, मागच्या बाजूला, खिळ्यांच्या पेट्यांपाशी कॉफी असायची. तिथे क्लेटस बुशार आणि अल्डो मॅग्नानी ठरलेले. क्लेटसनं आयुष्यभर ओंडक्यांचा ट्रक हाकला. त्याची पंप बंदूक, दस्त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. अल्डोची इटालियन, नळ्या एकावर एक, बाजूच्या पोलादावर कुत्रं कोरलेलं.

"सदतीस वर्षं," क्लेटस म्हणत होता. "तळ्यात पडली, ट्रकखाली आली, एकदा तिनं मी अस्वलाला हाकललं. अडली नाही. बायको अडली, ही नाही."

"अस्वल तुला बघून पळालं असेल."

"आणि तो आवाज रे! खाट-खूट. तिसऱ्या बारापर्यंत मी नुसता घसा साफ करतो. चौथ्याला नेम लागायला लागतो."

"चौथ्याला तितर कॅनडात असतो." अल्डोनं कप फुंकला. "माझ्याकडे दोन बार. वरून पाहिलं की डोळ्यासमोर एकच नळी, एकच रेघ. जिथे बघतो तिथे जातं. तुझं म्हणजे फावड्यावरून नेम धरल्यासारखं आहे."

"हा तिला पावसात बाहेर काढत नाही, तौनो. सर्दी होईल ना बाईसाहेबांना."

"पुसायला लागतं, म्हणून. तू कधी काही पुसलंयस का जन्मात?"

"नाक."

तौनो हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्याला खोकला आला.

"तुझं काय रे?" अल्डोनं विचारलं. "किती झाले?"

"एकोणीस."

"एकोणीस पाडले?"

"चुकले."

क्लेटसनं न विचारता तौनोच्या कपात कॉफी ओतली.

"लेका, ती बंदूक लेसच्या अंगाची आहे," तो म्हणाला. "तुझे हात आखूड. काप तिला."

"नाहीतर दुसरी घे," अल्डो म्हणाला. "माझ्या मेहुण्याकडे एक आहे वीस बोअरची..."

"दुसरी नको."

"मग काप. स्वतः केलायस ना दस्ता? मग विचारायचं कुणाला?"

अजून दोन आठवडे तो तसाच हिंडला. मग ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी एक तितर उठला, त्यानं बार काढला आणि कडेचे चार छरे पक्ष्याच्या डाव्या पंखाला लागले. पक्षी तिरका पडला आणि धावत देवदाराच्या दलदलीत घुसला. तौनो दोन तास चिखलात, गुडघ्यांवर, फांद्या उचलून शोधत राहिला. तीन पिसं मिळाली. कुत्रं असतं तर सापडला असता. लेस असता तर त्यानं दुसऱ्या बाजूनं अडवला असता. अंधारून आलं तेव्हा तो परतला.

जखमी पक्षी रानात सोडून येणं हे हापा कॉर्नरच्या माणसांत सांगायची गोष्ट नाही. त्यानं ती कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दस्ता कामाच्या बाकावरच्या पकडीत धरला. माप तीन वेळा घेतलं. बारीक दातांची करवत, प्रत्येक ओढीनंतर थांबून गुण्या लावायचा. सव्वा इंचाला वीस मिनिटं लागली. अक्रोडाची चकती जमिनीवर पडली. ती त्यानं उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि संध्याकाळी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत टाकली. सौना एकट्यासाठी तापवायला लाकूड दोघांइतकंच लागतं, त्यामुळे त्याच्या हाताशी जे येईल ते तो जाळायचा.

मग झुकाव. अळशीचं तेल उकळून त्यात चिंध्या भिजवायच्या, मुठीभोवती गुंडाळायच्या, तेल ओतत राहायचं, लाकूड मऊ पडलं की पकडीत घालून हळूहळू उजवीकडे ओढायचं. घाई केली की तडकतं. त्याला चार तास लागले. लाकूड तडकलं नाही. पण उकळत्या तेलानं जुन्या रोगणाचे पापुद्रे निघाले, मुठीपासून अर्ध्या दस्त्यापर्यंत पांढरट चट्टे पडले.

दुसऱ्या कुणी ते तसंच ठेवलं असतं. बंदूक लागणं महत्त्वाचं, दिसणं नाही. पण तौनोच्या हातून काम अर्धं सुटत नसे. फाउंड्रीत आतल्या, कधी कुणाला न दिसणाऱ्या बाजूही त्यानं घासून गुळगुळीत केल्या होत्या. त्यानं काचेच्या तुकड्यानं सगळा दस्ता खरवडला, पाण्यानं लाकडाचे तंतू उभे केले, पुन्हा घासला, आणि दहा दिवस, रोज एक, असे तेलाचे दहा हात दिले, तळव्यानं रगडून, हात गरम होईपर्यंत. अकराव्या दिवशी दस्ता चेस्टनटच्या नव्या तपकिरी बीसारखा चमकत होता. दोन्ही अंगांनी सारखा.

दोन्ही अंगांनी सारखा, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो कॉफी पीत होता. कप खाली ठेवून तो उठला आणि दस्ता खिडकीपाशी नेला. डाग गेला होता. तो खरवडताना त्याच्या डोळ्यांना दिसलाच असणार. हाताला तो जुन्या रोगणाइतकाच लागला होता.

त्यानंतरच्या शुक्रवारी बांधाच्या वळणावर तितर उठला, सरळ, मोकळ्यात. बंदूक कधी वर आली ते तौनोला कळलं नाही. एक बार. पक्षी पानांत पडला आणि हलला नाही. पडलेल्या तितराची शेपटी त्यानं पंख्यासारखी उघडून पाहिली, सगळी पिसं धड होती. पक्षी गरम होता. लेस असा नेम लागला की काहीच बोलायचा नाही, फक्त टोपी मागे सरकवायचा. तौनो खाली आल्डरकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं तितर कोटाच्या मागच्या खिशात टाकला. तो खिसा पाठीला दिवसभर ऊब देतो, एवढ्यासाठीच काही लोक शिकारीला जातात असं क्लेटस म्हणायचा.

त्या आठवड्यात त्यानं चार पाडले. सांगायला शनिवार होता, पण शनिवारी तो दुकानात गेला नाही.

पुढच्या बुधवारी दुपारी दार वाजलं. मार्लिस उभी होती. दाराच्या चौकटीत डोकं जरा वाकवून उभी राहिली, तशीच बापासारखी.

"तौनोकाका, ओळखलंत?"

"डोकं सांभाळ. चौकट ठेंगणी आहे."

ती आत आली. कॉफी झाली. तिनं वेलदोड्याच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले आणि चौथा हातात घेऊन बसली.

"आठवड्याची रजा घेतलीय," ती म्हणाली. "बाबांची बंदूक घेऊन एकदा त्या बांधावरून चालायचंय. तुम्ही याल बरोबर?"

"तुला चालवता येते?"

"पंधराव्या वर्षापर्यंत शिकवलं होतं त्यांनी. मग मी म्हटलं, नको. ते म्हणाले, बरं. त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही." तिनं पाव मोडला. "मला वाटायचं, एकदा तरी विचारतील."

तौनोनं तेव्हाच सांगायला हवं होतं. कपाट तीन हातांवर होतं. तो म्हणाला, "उद्या सकाळी आठला ये. बूट उंच घाल."

रात्रभर त्याला कारणं सुचत होती. सकाळी एकही कामाचं उरलं नाही. ती आली, त्यानं बंदूक कापडी म्यानात घालूनच गाडीत ठेवली, आणि बांधावर पोचल्यावर म्यानातून काढून तिच्या हातात दिली. तिनं बापासारखी डावीकडेच घेतली. उघडली, नळ्या आकाशाकडे धरून पाहिल्या, काडतुसं घातली, मिटली. टक् झालं. ती क्षणभर हसली.

"हा आवाज जिन्यावरून ऐकू यायचा मला."

"मी खालून चालतो," तौनो म्हणाला. "तू बांधावरून. मी हो म्हटलं की तू म्हण."

अडुसष्टाव्या वर्षी तो आल्डरमध्ये शिरला. फांद्या तोंडावर येत होत्या. "होऽ" तो म्हणाला. "होऽ" वरून आलं. बाईचा आवाज, पण ओढ तीच. तौनो थांबला आणि एका बुंध्याला धरून उभा राहिला. मग पुढे निघाला.

सहाव्या "हो"नंतर त्याच्या पायाशी तितर फडफडला आणि बांधाच्या बाजूला गेला. बार झाला. पाठोपाठ मार्लिसचं ओरडणं.

तो वर चढला तेव्हा ती बांधावर बसली होती, नाकातून रक्त. दस्ता आखूड पडला की मुठीवरचा अंगठा चेहऱ्याच्या फार जवळ येतो, आणि बंदुकीनं धक्का दिला की नाकावर आदळतो. ही गोष्ट तौनोला तिच्या जन्माआधीपासून ठाऊक होती.

"डोकं वर करू नकोस. पुढे वाक. नाक दाबून धर."

"मी परिचारिका आहे, काका." ती रुमालातून म्हणाली. मग रुमाल काढून तिनं बंदूक मांडीवर आडवी घेतली. दस्त्याचं टोक पाहिलं. बोट मागच्या कडेवरून फिरवलं. उलटी केली आणि उजवी बाजू वर आणली. बराच वेळ पाहिली.

"इथे डाग होता."

"होता."

"कापलीत तुम्ही."

"सव्वा इंच. आणि वाकवली. उजव्या हातासाठी."

"डाग कशाला काढलात?"

"बाकीचं रोगण खराब झालं होतं. अर्धवट कसं ठेवायचं?"

"ठेवायचं अर्धवट!" ती ओरडली. मग आवाज खाली आला. "दस्ता तुम्हीच केलाय, माहितेय मला. लाकूड तुमचं. तेवढं एक बाबांचं होतं."

"हो."

"काल सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"का नाही सांगितलंत?"

तौनोनं विचार केला. "तू परत गेली असतीस."

रक्त थांबल्यावर दोघं गाडीकडे चालत गेले, ती पुढे, तो मागे, पन्नास पावलं झाली तरी कुणी काही म्हटलं नाही. बंदूक तिनं त्याच्या गाडीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डलूथला गेली, रजेचे चार दिवस शिल्लक असताना.

"रागावली नाही," आर्डिथ म्हणाली. "गप्प झालीय. लेससारखं ते तिचं."

"बंदूक घरी आणून देऊ?"

"तुझे पाय थांबले का?"

"नाही."

"मग? लेस जे म्हणाला ते म्हणाला. पण तौनो, मला आधी विचारायचं होतंस रे. तो डाग मी धुळीच्या फडक्यानं पुसायची. त्याला आवडायचं नाही, म्हणायचा, घासू नकोस तिथे."

उरलेल्या हंगामात तौनोनं बंदूक बाहेर काढली नाही. बर्फ पडला तेव्हा त्यानं मिसूरीहून अक्रोडाचा ठोकळा मागवला. नोव्हेंबरच्या शेवटी काम सुरू केलं.

दस्ता कोरण्यात अवघड भाग बाहेरचा नसतो, आतला असतो. बंदुकीचं पोलाद लाकडात असं बसलं पाहिजे की मध्ये कागद शिरू नये. घासलेटच्या दिव्यावर पोलाद काळं करायचं, लाकडाला टेकवायचं, उचलायचं. जिथे काळं उठलं तिथे लाकूड उंच आहे, तेवढंच तासायचं. पुन्हा काळं करायचं, पुन्हा टेकवायचं. एका सकाळी केसभर खोल जातं. जोर लावला तर लाकूड फाटतं आणि सगळं गेलं. तौनोच्या हाताला आता थोडा कंप होता, म्हणून तो श्वास सोडून, थांबून, मग पटाशी ढकलायचा. दिवसाला तीन तास. त्यापुढे हात खोटं बोलायला लागतात. असे एकसष्ट दिवस गेले. त्या काळात त्याच्याशी बोललेली माणसं म्हणजे टपालवाला, आर्डिथ, आणि एकदा क्लेटस, जो खिडकीतून म्हणाला, "जिवंत आहेस का बघायला आलो. आहेस. चाललो."

फेब्रुवारीत पोलाद बसलं. आता बाहेरचा आकार. त्यासाठी माप हवं. आर्डिथनं मार्लिसच्या जुन्या कोटाची बाही मोजून चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. तौनोनं चिठ्ठी परत केली.

"कोट बंदूक चालवत नाही."

"मग लेसचं माप घे. तशीच तर आहे ती."

"दिसायला," तौनो म्हणाला.

त्यानं मार्लिसला कार्ड पाठवलं. त्यावर लिहिलं: नवा दस्ता केला आहे. आतून पूर्ण. बाहेरून माप हवं, तू आल्याशिवाय होणार नाही. तौनो रन्ताला. 'होणार नाही' हे थोडं धमकीसारखं वाटलं, पण खरं होतं, म्हणून त्यानं खोडलं नाही.

उत्तर आलं नाही. लाकूड पकडीत उभं राहिलं, मागे इंचभर जास्तीचं, चौकोनी, ओबडधोबड. त्यानं ते फडक्यानं झाकून ठेवलं. मार्च गेला. लेसच्या पहिल्या स्मृतिदिनी चर्चमध्ये कॉफी झाली, मार्लिसची पाळी इस्पितळात होती म्हणे. एप्रिलात बांधावरचा बर्फ वितळला. कुठेतरी आत, पडलेल्या ओंडक्यावर, नर तितर पंख आपटून ढोलासारखा आवाज काढू लागला. तौनो दाराशी उभा राहून तो ऐकायचा. तो आवाज लांब आहे की जवळ, ते कधीच कळत नाही.

मेच्या दुसऱ्या रविवारी गाडी थांबली. मार्लिस उतरली. हातात कागदात गुंडाळलेल्या पेस्ट्या होत्या.

"आईनं दिल्यात. थंड खायच्या नाहीत म्हणाली."

"चौकट," तौनो म्हणाला. ती वाकली.

कार्यशाळेत त्यानं फडकं काढलं. ती ओबडधोबड लाकडाकडे बघत राहिली, मग आतल्या बाजूकडे, जिथे पोलाद लाकडात बुडालं होतं. नखानं तिनं फट शोधली. सापडली नाही.

"किती दिवस लागले?"

"एकसष्ट. अजून आहेत."

"मी ऑक्टोबरचं काही सांगू शकत नाही, काका. रजा मिळते की नाही. यावंसं वाटतं की नाही, तेही."

"ऑक्टोबरचं मी विचारलं नाही. माप विचारलंय."

तिनं ओठ आवळले. हसू होतं की काय ते त्याला कळलं नाही.

त्यानं बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवल्या. मग तिच्या हातात देऊन तिला पाहायला लावल्या. मग स्वतः पुन्हा पाहिल्या. नळ्यांत करंगळी घातली. तिनंही घातली. एवढं झाल्यावर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, सहा पावलांवर, आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"आता माझ्या उजव्या डोळ्यावर नेम धर."

"काय?"

"माप असंच घेतात. मला तुझा डोळा नळ्यांच्या वर कुठे दिसतो त्यावरून कळतं. बारीकशी चूक इथून मोठी दिसते. लेसचं असंच घेतलं होतं."

"माणसावर बंदूक रोखायची नाही, हे पहिलं शिकवलं होतं त्यांनी."

"मलाही. डोळे मीट. बंदूक लाव. मग उघड."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग डोळे मिटून तिनं बंदूक वर घेतली, जड, जास्तीच्या लाकडाची, डाव्या खांद्याला. गाल टेकवला. डोळे उघडले.

तौनोला दोन काळी भोकं दिसली, आणि त्यांच्या वर एक डोळा. लेसचा डोळा नळ्यांच्या बरोबर मध्यावर, कणभर वर असायचा. हा तसा नव्हता. तिची मान जास्त लांब होती, ती डोकं थोडं उभं धरायची, आणि डोळा वर, उजवीकडे पडत होता. लेसचं माप धरलं असतं तर हाही दस्ता वाया गेला असता. तो डोळा ओला होता, पण हलत नव्हता, सरळ त्याच्याकडे बघत होता.

तौनोनं कानामागची पेन्सिल काढली. पुढे येऊन दस्त्याच्या वरच्या कडेवर एक बारीक रेघ मारली, तिच्या गालाला धक्का न लागेल अशी, आणि परत भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

"खाली घे," तो म्हणाला. "आता पुन्हा."